थेरपिस्टनं स्वतःसाठी कुणाकडे जायचं?

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका मुलीनं विचारलं, "मला स्वतःसाठी थेरपिस्ट हवाय, कुणी सुचवाल का?" लगेच तिच्या कॉलेजातल्या सरांचं उत्तर, सगळ्यांसमोर: "अगं, माझ्याकडेच ये की. घरचीच तू. फी वगैरे काही नको." खाली नमस्कार आणि बदामांचा पाऊस.

कुणालाच काही खटकलं नाही?

उद्या नोकरीसाठी जे शिफारसपत्र देणार, त्यांच्यासमोर ही मुलगी काय बोलणार? क्लायंट रडत असताना आपलं लक्ष घड्याळाकडे जातं, हे सांगेल? क्लायंटला आपण बजावतो, ओळखीतला थेरपिस्ट नको. आणि आपल्याच माणसाला 'घरचीच तू'!

आई गेल्यावर मी पुण्यातल्याच एका नावाजलेल्या ज्येष्ठांकडे गेले होते. आईचा औषधांचा डबा अजून टाकवत नाही, असं सांगत होते. ते म्हणाले, "हीच केस तुझ्याकडे आली असती तर काय केलं असतंस?" झालं. रडू गिळून मी केस मांडायला लागले. फी थेरपीची, झालं सुपरव्हिजन, म्हणजे ज्येष्ठांसमोर आपल्या केसची चर्चा.

फ्रॉइडनं १९३७ साली लिहून ठेवलंय की मनोविश्लेषकानं दर पाचेक वर्षांनी स्वतः पुन्हा विश्लेषण करून घ्यावं, त्यात लाज कसली. मनोविश्लेषक व्हायचं तर आधी स्वतःचं विश्लेषण करून घ्यावंच लागतं. आपल्याकडेही हे नवं नाही, मनोविश्लेषकांची कोलकात्याची इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी तर १९२२ पासूनची. आमच्या आरसीआयच्या, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी परिषदेच्या, नोंदणीला मात्र हे कुणी विचारत नाही. मग प्रत्येक जण चाचपडत आपापलं शोधतो, तेही चोरून.

मान्य, सरांचा हेतू चांगलाच असेल. लहान गावात तर निवडीला वावच नसतो, हेही खरं. पण आता ऑनलाइन आहे ना!

मला शेवटी नागपूरच्या एक बाई मिळाल्या. आम्ही कुठल्या समितीवर एकत्र नाही, मी त्यांच्याकडे क्लायंट पाठवत नाही, त्या पूर्ण फी घेतात आणि त्यांच्याकडे आधीही थेरपिस्ट क्लायंट म्हणून आलेले आहेत. एवढं बघून ठरवलं. पहिल्याच भेटीत मी 'कॉम्प्लिकेटेड ग्रीफ' (न ओसरणारं दुःख) वगैरे आमची पुस्तकी भाषा सुरू केली, तर म्हणाल्या, "ते राहू द्या. डब्यात काय काय आहे?" थायरॉइडच्या गोळ्या, इसबगोल, बीपीची अर्धी मोडून ठेवलेली गोळी. सांगता सांगता मी हमसून हमसून रडले. समोर ज्येष्ठ सर असते तर नसते रडले.

दुपारी बघितलं तर त्या मुलीनं मेसेज डिलीट केलेला. फार वाईट वाटलं. किती धीर करून विचारलं असेल पोरीनं.

तिला बाहेरगावची काही नावं वेगळी पाठवली आहेत. सांगितलंय, पहिल्या भेटीतच विचार, आपल्या दोघांच्या ओळखीचं कोण कोण आहे, आणि कुठे समोरासमोर आलो तर काय करायचं. नाही पटलं तर बदल, कुणाला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस. आणखी कुणाला नावं हवी असतील तर इनबॉक्समध्ये लिहा. कुणासाठी, कशासाठी, मी विचारणार नाही.