वॅगनरचं कार्ड उलटून तरी पाहा

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाला बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा नाद आहे. गेल्या आठवड्यात नानाकाकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: होनस वॅगनर या निर्व्यसनी खेळाडूने तंबाखूच्या निषेधार्थ आपली सगळी कार्डं जाळायला लावली, जगात एकच उरलं, त्यावर शहराचं नाव चुकलंय म्हणून ते कोट्यवधींना गेलं, तुमच्याकडचं जुनं कार्ड आजच लॅमिनेट करा. पोराने वाचलं आणि लॅमिनेट केलं.

त्याचं ते कार्ड वॅगनरचं नव्हे, पण त्याच मालिकेतलं, म्हणजे १९०९ ते १९११मध्ये सिगारेटच्या पाकिटातून येणारं टी-२०६. वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेलं. मागच्या दिवाळीत तो इथे आला तेव्हा मी ते भिंगाखाली पाहिलं होतं. मी छपाईतला माणूस, बघतच राहिलो. रंगागणिक वेगळा ठसा, टोपीच्या कडेला रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, केसभर हललेलं, खाली तपकिरी शाईतलं नाव. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला गोंद कागदात मुरतो. प्लॅस्टिक सोलायला गेलात तर शाईही निघून येते. जुना कागद जपायचा तर सैल, ॲसिडमुक्त पाकिटात ठेवतात. एवढं विचारायला एक फोन पुरला असता.

आता तंबाखूचं. वॅगनरने कार्डाला नकार दिला, हे खरं आहे. ऑक्टोबर १९१२च्या ‘स्पोर्टिंग न्यूज’मध्ये ती हकिकत आहे. वॅगनरचं चित्र छापायची परवानगी मिळवून दिली तर १० डॉलर, असं सिगारेट कंपनीने पिट्सबर्गचे क्रीडापत्रकार जॉन ग्रूबर यांना सांगितलं होतं. वॅगनरने कळवलं, सिगारेटच्या पाकिटात माझं चित्र नको. आणि ग्रूबरचं नुकसान नको म्हणून १० डॉलरचा चेकही जोडला. माणूस दिलदार होता, पण निर्व्यसनी नव्हता. तो स्वतः तंबाखू चघळायचा. लीफ कंपनीच्या १९४८-४९च्या कार्डावर म्हातारा वॅगनर तंबाखू हातात घेऊनच दिसतो. नकार मुलांच्या काळजीने होता की पैशांवरून, यावर अजून वाद आहे.

फॉरवर्डमध्ये कार्डाची फक्त पुढची बाजू आहे. मागे सिगारेटची जाहिरात असते. अमेरिकन टोबॅको कंपनीने आपल्या १६ ब्रँडांसाठी ही मालिका काढली. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा लागायचाच, त्यावर खेळाडू छापले की गिऱ्हाईक पुढचं पाकीट घ्यायला परत यायचं. चित्रं सुंदर आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफरसन बर्डिक या संग्राहकाने दिलेली अशी हजारो कार्डं आहेत. पण ती सिगारेट खपवण्यासाठीच काढली होती, आणि त्यातलंच एक आपण मुलांना व्यसनमुक्तीचा धडा म्हणून पाठवतोय.

बाकीचं झटपट. जाळपोळीला पुरावा नाही; वॅगनरच्या कार्डाची छपाई थांबली, एवढंच. आज त्याची पन्नास-साठ कार्डं माहीत आहेत. २०२२मध्ये एक ७२.५ लाख डॉलरना गेलं, तेही दुर्मीळ म्हणून. कार्डावरच्या ‘पिट्सबर्ग’मध्ये चूक वगैरे काही नाही: १८९१ ते १९११ सरकारी इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘एच’ नव्हताच.

नानाकाका, तो मेसेज आजच काढून टाका. आणि पोराला तुम्ही स्वतः फोन करा, तो परवापासून कार्डांच्या डब्याला हात लावत नाहीये.