‘गाठ काढली, मग पुन्हा ऑपरेशन कशाला?’

अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश फिरत असतो. मेंदूवरची रक्ताची गाठ काढली की रुग्ण बरा व्हायलाच हवा. नंतर सूज आली, पाणी साचले किंवा दुसरे ऑपरेशन लागले तर ती डॉक्टरांची चूक, आणि कवटीचे हाड काढून ठेवणे ही तर दुसऱ्या बिलाची सोय, असे त्यात म्हटलेले असते.

यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये झालेली गाठ वेळेत काढली, तर रुग्ण झपाट्याने सुधारू शकतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा असाच रुग्ण पाहिला असावा. आवरणाखाली गाठ असली, की बहुतेकदा तिच्याखालचा मेंदूही चेंगरलेला असतो, त्याला पुढे काही दिवस सूज येत राहते आणि कवटी ताणली जात नसल्याने आतला दाब वाढून रक्तपुरवठा घटतो.

दुसरे ऑपरेशन म्हणजे पहिले चुकले, हेही खरे नाही. एका बाजूची मोठी गाठ कधी कधी दुसऱ्या बाजूची फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरते. तो दाब उतरताच तिथे रक्त साचते, आणि ही नवी गाठ आधीच्या सीटी स्कॅनमध्ये नसतेच. विचारायचेच तर, शुद्ध ढळल्यावर किंवा डोळ्यांच्या बाहुल्या असमान झाल्यावर स्कॅन किती वेळात झाला, हे विचारावे.

हाडाचा आरोप सर्वांत अन्यायाचा आहे. सुजलेल्या मेंदूला जागा मिळून दाब उतरावा म्हणून हाड काढतात. औषधांना दाद न देणाऱ्या दाबावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत हाड काढलेल्या गटातील सुमारे २७ टक्के रुग्ण सहा महिन्यांत दगावले, तर औषधोपचारांच्या गटातील सुमारे ४९ टक्के. मात्र डोळे उघडे पण भान नाही अशा अवस्थेत राहिलेले रुग्णही पहिल्या गटात जास्त होते, सुमारे साडेआठ टक्के विरुद्ध दोन टक्के, आणि ही बाजू नातेवाइकांना संमतीपूर्वीच सांगितली गेली पाहिजे. काढलेले हाड पोटाच्या त्वचेखाली किंवा अतिथंड कपाटात जपतात व सूज ओसरल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी बसवतात. म्हणजे हे दुसरे ऑपरेशन पहिल्याच दिवशी ठरलेले असते.

मेंदूत पाणी साचते ते सांडलेल्या रक्तामुळे त्याचा निचरा तुंबल्याने, तीही डॉक्टरांची चूक नव्हे. जखमेतील जंतुसंसर्गाबद्दल मात्र रुग्णालयाला जाब विचारणे रास्तच आहे, पण नेमका त्याचाच संदेशात उल्लेख नाही.