पूर अडवायला बांधलेलं धरण जुलैत भरून का ठेवता?

गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचं धरण. कागदावर हेतू 'पूर नियंत्रण'. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते काठोकाठ भरतं, जलपूजन होतं, ओटी भरली जाते, फोटो येतात. मला ते फोटो पाहून काळजी वाटते. भरलेल्या धरणात पुढच्या पुराला जागाच उरलेली नसते. वरून जेवढं येईल तेवढं, थोडं उशिरा का होईना, सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, गावाकडेच जाणार.

हिशेब करून पाहा. पाणलोट ५ चौरस किलोमीटर म्हणजे ५०० हेक्टर. एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर ५ लाख घनमीटर पाणी पडलं. जमीन आधीच भिजून तुडुंब असेल तर काळ्या मातीवरून निम्मं तरी नाल्यात उतरतं, म्हणजे अडीच लाख घनमीटर. तळ्याचा पसारा १० हेक्टर धरला तर हे पाणी पोटात घ्यायला सांडव्याच्या खाली अडीच मीटर उंचीची रिकामी जागा लागते. ती जागा म्हणजेच पूर नियंत्रण. बाकी सगळा साठा.

ही जागा आपोआप रिकामी होत राहिली पाहिजे, त्यासाठी व्हॉल्व्ह नसलेला उघडा पाइप लागतो. ६० सेंटिमीटर व्यासाचा पाइप सरासरी सेकंदाला १ घनमीटर पाणी सोडतो असं धरलं तर अडीच लाख घनमीटर तीन दिवसांत उतरतं, आणि एवढं पाणी कुठलाही नाला निवांत वाहून नेतो. ढोरांना पाणी हवं, विहिरींना पाझर हवा, हे मला मान्य आहे. मग पाइपाचं तोंड तळापासून दोन मीटर वर ठेवा. खालचं पाणी गावाचं, वरची जागा पुराची. व्हॉल्व्ह मात्र नको. व्हॉल्व्ह असला की ऑगस्टमध्ये कुणीतरी तो आवळतोच. पाइपाच्या तोंडावर लोखंडी जाळी हवी, आणि प्रत्येक पुरानंतर तिच्यात अडकलेला पऱ्हाटीचा कचरा अन् बेशरमाच्या फांद्या काढायला माणूस ठरलेला हवा.

आता सांडवा. माझ्या मते धरणाचा जीव भिंतीत कमी आणि सांडव्यात जास्त असतो. मातीच्या पाळीवरून, म्हणजे धरणाच्या भिंतीवरून, पाणी गेलं की तासा-दोन तासांत पाळ कापली जाते. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण असंच गेलं. सांडव्याला पेलणार नाही एवढा पूर आला, पाणी माथ्यावरून गेलं आणि दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले.

आपल्याकडे सांडव्याचा घास गावच घेतं. दिवाळीपर्यंत पाणी टिकावं म्हणून सांडव्यावर रेतीची पोती लावतात. 'एक फूटच तर आहे.' त्या एका फुटाची किंमत बघा. ५ चौरस किलोमीटरला डिकन्सच्या सूत्राने (पाणलोटाच्या क्षेत्रावरून मोठ्या पुराचा अंदाज काढायचं सूत्र), गुणांक २० धरून, सेकंदाला साधारण ६७ घनमीटर पूर येतो. ४० मीटर रुंद सांडव्यावरून १ मीटर जाडीचं पाणी ६८ घनमीटर वाहून नेतं, म्हणजे डिझाइन नेमकं बसतं. ३० सेंटिमीटर पोती लावली की त्याच पातळीला सांडव्यावर ७० सेंटिमीटर पाणी उरतं आणि क्षमता ४० घनमीटरवर येते. उंचीला तीस टक्के कमी, वहनाला चाळीस टक्के कमी. उरलेलं पाणी पाळीच्या मुक्त उंचीत, म्हणजे पुराच्या पातळीपासून माथ्यापर्यंत राखलेल्या जागेत, चढतं, आणि ती मुक्त उंची लाटांसाठी आणि खचण्यासाठी ठेवलेली असते. पोती पुरात वाहून जातील असं म्हणतात. चिखल बसलेली, गवत उगवलेली पोती वाहून जात नाहीत.

सांडव्याच्या खालचा चर म्हणजे पुच्छ कालवा. तो बहुतेक ठिकाणी शेजारच्या वावरात मिसळून गेलेला असतो. धुरा, म्हणजे वावराचा बांध, सरकत सरकत आत येतो, तूर पेरली जाते, चर निम्मा होतो. मग पाणी वळून पाळीचा पायथा खरवडतं. माथा शाबूत आणि पायथा कापलेला, असं धरण लांबून पाहिलं तर कुणाला शंकाही येत नाही.

माथा सगळीकडे सारखा उंच आहे असंही समजू नका. पाळ सर्वांत जास्त खचते ती जुन्या नाल्याच्या जागी, जिथे शेवटी घळभरणी झाली, म्हणजे उरलेली फट भरून नाला बंद केला, तिथे. एक तर तिथे भराव सर्वांत उंच. दुसरं, ते काम मे महिन्यात पावसाच्या धसक्याने उरकलेलं. नियम असा की सैल मातीचा थर २० ते २२ सेंटिमीटर, दबून १५ वर यायला हवा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण तळहाताला चिकटू नये. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात टिप्परमधून येईपर्यंत मातीतला ओलावा उडालेला असतो. म्हणून खाणीतच आदल्या रात्री पाणी सोडायचं असतं. प्रत्यक्षात अर्ध्या-अर्ध्या मीटरचे कोरडे थर पडतात, वरून टँकर फिरतो, रोलर वरचं पापुद्र्यासारखं दाबतो. पहिल्यांदा तळं भरलं की ही कोरडी माती भिजून बसते आणि नेमक्या मध्यभागी माथा फूट-दीड फूट खाली येतो. पाणी चढलं तर पहिलं तिथूनच जाणार. आधीच्या भरावाची कड उभी ठेवून तिला नवी माती टेकवली असेल तर सांध्यावर आडवी भेग पडते, तळ्यापासून पायथ्यापर्यंत. ती कड १ ला ३ (एक उभं, तीन आडवं) अशा उतरत्या ढाळाने कापून, उन्हाने तडकलेला थर खरवडून, ओली करून मगच भराव जोडायचा असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दर मे महिन्यात माथ्याची पातळी तपासता येते. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

काळी माती पाणी अडवते म्हणून ती गाभ्यात, म्हणजे पाळीच्या पोटात, ठीक. बाहेर उघडी राहिली तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून वरून मुरमाचं कवच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलढाणा या खारपाणपट्ट्यात तर वेगळंच संकट आहे. तिथल्या मातीत सोडियम जास्त. अशी माती गोड्या पाण्यात दुधासारखी विरघळते आणि पाळीच्या पोटात बोगदा पडतो. परीक्षा सोपी आहे: काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी, त्यात बोराएवढं ढेकूळ, दहा मिनिटं न हलवता ठेवा. ढेकूळ नुसतं ढासळलं तर चालेल. भोवती धुक्यासारखा गढूळपणा पसरला तर ती माती चुना किंवा जिप्सम मिसळल्याशिवाय गाभ्यात नको. ही परीक्षा बोअरच्या खाऱ्या पाण्यात करू नका. क्षार माती धरून ठेवतात आणि वाईट माती पास होते.

पाझराबद्दल गावात दोन टोकं दिसतात. एक तर थेंब दिसला की आरडाओरड, नाहीतर झरा वाहिला तरी 'पाझरतंच की'. पायथ्याशी स्वच्छ, सारख्या धारेचं पाणी येणं स्वाभाविक आहे. धार वाढत असेल किंवा पाणी गढूळ असेल तर त्या पाण्याबरोबर धरणाची माती निघून चालली आहे. सर्वांत जास्त भीती पाइपाच्या कडेने, कारण पाइपाखालच्या काखेत रोलर जात नाही आणि हाताने कुटायचा कंटाळा केलेला असतो. अशा वेळी लोक झऱ्याच्या तोंडात काळी माती ठासतात. हे कधीच करू नका. कोंडलेलं पाणी दुसरीकडून जोराने फुटतं. झऱ्यावर आधी जाड रेती, मग बारीक गिट्टी, मग मोठी गिट्टी आणि वर दगड असे थर टाका. पाणी येऊ द्या, माती अडवा. रेती उडून जात असेल तर भोवती पोत्यांचं कडं करून आत पाणी चढू द्या, जोर कमी होतो. त्याच वेळी तळ्याची पातळी उतरवायला लागा, तलाठ्याला कळवा आणि नाल्याकाठची घरं रिकामी करा.

पाळीवर बाभूळ, निंब, पिंपळ नको. मोठं झालेलं झाड नुसतं कापूनही भागत नाही. मुळं कुजली की पाण्याला आयती नळी मिळते. मुळं खणून, खड्डा थराथराने कुटून भरावा लागतो. घुशी आणि सायाळीच्या बिळांचंही तसंच. गाळ काढतानाही सांभाळा. जेसीबी पाळीच्या पायथ्याला लावून खोल खोदलं की तळातला चिकण थर फुटतो, खालचा मुरूम उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात पलीकडे झरे लागतात.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर येतात. सहा-आठ मीटरची गावधरणं त्या कायद्याच्या बाहेर राहतात. सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर धरण जिल्हा परिषदेकडे, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे. मे महिन्याच्या ग्रामसभेत त्यांच्याकडून तीन आकडे लेखी मागा: सांडव्याची मूळ रुंदी, सांडव्याची मूळ पातळी आणि माथ्याची पातळी. तिन्ही सांडव्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहा आणि मूळ पातळीची ठळक लाल रेघ ओढा. म्हणजे पोतं त्या रेघेच्या वर चढलं की शाळेतल्या पोरालाही दिसेल.