झिंकचा रिपोर्ट आला, लगेच गोळ्या?

हल्ली 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात सीरम झिंक, म्हणजे रक्तातलं झिंक, हमखास असतं. केस गळतात म्हणून कुणी तपासून घेतं, आकडा ६२ येतो, पुढे ठळक अक्षरात 'लो', आणि संध्याकाळी ५० मिलिग्रॅमची पाकिटं घरात. मी लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट रोज हातून जातात, तरीही सांगते: एका माणसाच्या एका आकड्यावरून झिंकची कमतरता ठरवू नका.

अंगात एकूण दोन-तीन ग्रॅम झिंक असतं. बहुतेक सगळं स्नायूंत आणि हाडांत. आपण मोजतो ते प्लाझ्मातलं, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातलं, जेमतेम हजारावा भाग. तो भाग शरीर निकराने सांभाळतं, त्यामुळे थोडीफार कमतरता असली तरी आकडा नॉर्मल येऊ शकतो. उलट कमतरता नसताना तो भलत्याच कारणांनी खाली येतो. जेवल्यावर उतरतो. ताप, इन्फेक्शन, कसलीही सूज असली की यकृत झिंक ओढून घेतं. कोविडमध्ये ॲडमिट असलेल्यांचं झिंक कमी दिसलं आणि गोळ्यांवर उड्या पडल्या. पण ज्या आजारासाठी गोळी घ्यायची, त्यानेच आकडा पाडलेला असू शकतो ना!

तो ६२ पुन्हा बघा. झिंकवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने बायकांसाठी सुचवलेल्या मर्यादा अशा: सकाळी उपाशीपोटी ७०, सकाळी खाऊन आल्यास ६६, दुपारी ५९ (मायक्रोग्रॅम, दर डेसिलीटरला). म्हणजे तीच बाई सकाळी 'लो' आणि दुपारी ठणठणीत. रिपोर्टवर मात्र बहुधा एकच रेंज छापलेली असते, आणि रक्त किती वाजता काढलं हे कुणी बघत नाही.

आमच्या बाजूचे घोळ वेगळेच. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही झिंक उतरतं, म्हणून गडद निळ्या टोपणाची खास ट्यूब लागते. सँपल हिमोलाइज झालं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या, की पेशींतलं झिंक बाहेर येतं आणि आकडा फुगतो. केसांतलं झिंक मोजून देणारेही आहेत. कोंड्याच्या कित्येक शाम्पूंमध्ये झिंकच असतं, आता बोला!

मग ही तपासणी फालतू आहे का? अजिबात नाही. ती गावाची, जिल्ह्याची, देशाची आहे. एखाद्या समाजात २० टक्क्यांहून जास्त लोकांचं सीरम झिंक कमी आलं तर तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न धरतात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आपल्याकडच्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के निघालं. मला तुमच्या ६२ पेक्षा या ३२ ची जास्त काळजी वाटते, आणि त्यावर कुणी पोस्ट टाकत नाही.

एकेका माणसाच्या बाबतीत अजूनही जुनाच पुरावा भारी आहे. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये आणि नंतर इजिप्तमध्ये वाढ खुंटलेली, वयात न आलेली तरुण मुलं दिसली. त्यांनी झिंक मोजलंच, पण खरी खात्री पटली ती झिंक दिल्यावर मुलं वाढायला लागली तेव्हा. आजही चांगला डॉक्टर आधी जेवणाखाण्याचं, जुलाबाचं, आतड्याच्या आजाराचं विचारतो, गरज वाटली तर काही आठवडे झिंक देऊन फरक पाहतो. लहान मुलांना जुलाबात ओआरएसबरोबर १४ दिवस झिंक देतात, तेही रक्त न तपासताच.

मनाने महिनोन्महिने ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांनी एवढं ऐका: जास्तीचं झिंक तांब्याचं शोषण अडवतं. त्यातून ॲनिमिया होतो, हातापायांच्या नसांनाही त्रास होऊ शकतो. आणि तपासायचंच असेल तर सकाळी उपाशीपोटी या, अंगात ताप असताना येऊ नका, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) हीही सोबत करा, आणि ट्यूब कुठली वापरताय ते आम्हाला बिनधास्त विचारा.