मत ठेवावं, देऊ नये

कॅनडात दोन हिवाळे काढले की माणसाला इथल्या राजकारणाबद्दल मत फुटतं. अक्कलदाढ येते तसंच, फक्त दुखतं ते दुसऱ्यांना. तुम्हाला नुकतंच फुटलं असेल तर घाबरून जाऊ नका. ते जोपासायचं कसं, चारचौघांत मिरवायचं कसं आणि काहीही झालं तरी मतपत्रिकेपर्यंत पोहोचू द्यायचं नाही ते कसं, हे मी टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या अठरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. फी नाही.

मुळात आपली भाषा या कामाला फार सोयीची आहे. इंग्रजांना मनात ठेवायच्या मताला एक शब्द लागतो आणि पेटीत टाकायच्या मताला दुसरा. आपल्याकडे दोन्ही मतच. त्यामुळे चहा पिता पिता एकदा मत दिलं की कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं आणि माणूस हलक्या मनाने दुसरा कप घेतो.

सरावाला सार्वत्रिक निवडणूक घेऊ नका, ती धोक्याची. मतदान केंद्र मुलांच्या शाळेत असतं. दूध आणायला निघालेला माणूस चुकून आत शिरतो आणि मत देऊन बसतो. नवशिक्यांनी एखाद्या पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक धरावी. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, त्याला मुदत असते, मग ओळख पटवावी लागते. म्हणजे मत न देण्याची तीन कारणं पक्षच आपल्या हातावर ठेवतो, प्रसादासारखी.

माझा सर्वोत्तम हंगाम 2025 चा. 6 जानेवारीला जस्टिन ट्रूडो यांनी लिबरल पक्षाचं नेतेपद आणि पंतप्रधानपद सोडणार असल्याचं जाहीर केलं. जो नेता होईल तोच पंतप्रधान, असा दुहेरी मामला. आणि संक्रांत तोंडावर. एका शाळेच्या जिममध्ये आमचं हळदीकुंकू होतं. बायका आत वाण लुटत होत्या आणि आम्ही पुरुषमंडळी कोटांच्या ढिगाशेजारी, बुटांखालचा बर्फ वितळून झालेल्या डबक्यात, कागदी कप धरून उभे. पक्ष चालवायला याहून चांगली जागा मिळत नाही.

मत बनवायचं तर कच्चा माल भारतातूनच आणावा, इथला पचत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये 24 लिबरल खासदारांनी ट्रूडोंना पायउतार व्हायला सांगणाऱ्या पत्रावर सह्या केल्या होत्या. आमच्या एका काकांनी तेव्हाच विचारलं होतं, "मग ते कुठल्या हॉटेलात आहेत?" कुठल्याच नाही. सह्या करून आपापल्या घरी गेले. पत्रात दिलेली मुदत उलटली, ट्रूडो जागेवरच. ना बस, ना विमान, ना गुवाहाटी. पक्षचिन्हाचा वाद नाही, कोर्ट नाही. काका आजही म्हणतात की यांना राजकारण येत नाही. पुढे 16 डिसेंबरला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी, ज्या दिवशी सरकारचं आर्थिक निवेदन मांडायचं त्याच दिवशी सकाळी, राजीनाम्याचं पत्र जाहीर केलं, तेव्हा कुठे काकांनी मान डोलावली. "हिला जमेल," म्हणाले. हे झालं पहिलं मत. पुढे ते त्यांनी बदललं, पण बदलल्याचं कबूल केलं नाही. हेही शिकून घ्या.

कारण एडमंटनमध्ये मार्क कार्नी यांनी उमेदवारी जाहीर केली आणि कोटांच्या ढिगाशेजारचं वारं फिरलं. आपल्या पिढीला बँकेतल्या माणसाबद्दल उपजत आदर असतो. स्थळ बघताना 'बँकेत आहे' एवढं पुरायचं. हा तर 2008 ते 2013 बँक ऑफ कॅनडाचा गव्हर्नर आणि तिथून बदली होऊन जावं तसा 2013 ते 2020 बँक ऑफ इंग्लंडचा. आयुष्यात एकही निवडणूक लढवलेली नाही, यावर कुणी बोट ठेवलं तर काकांचं उत्तर तयार होतं: "म्हणजे चारित्र्य स्वच्छ." उरलेल्या दोघांना आम्ही दीड मिनिटात निकालात काढलं. करीना गूल्ड 1987 च्या, म्हणजे लहान आहे. फ्रँक बेलिस माँट्रियालचे उद्योजक, माजी खासदार, म्हणजे कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसलेल्याबद्दल मत ठेवणं सगळ्यात सोपं. प्रवेश फी साडेतीन लाख डॉलर आहे हे कळल्यावर एकाने लगेच रुपयांत हिशोब केला, दोन कोटींच्या वर. "एवढ्यात तर..." म्हणून तो जे बोलला ते छापण्यासारखं नाही, पण पुण्याच्या एका वॉर्डाबद्दल होतं.

फ्रेंचबद्दल मत हवंच. ते नसेल तर तुम्हाला कुणी कॅनडाचे जाणकार मानणार नाही. तुम्हाला स्वतःला 'बोंझूर'च्या पुढे काही येण्याची गरज नाही. माँट्रियालच्या फ्रेंच वादचर्चेत हमासबद्दल बोलताना कार्नी यांची जीभ घसरली आणि आपलं हमासशी एकमत आहे असं वाक्य तोंडून गेलं. फ्रीलँड यांनी तिथल्या तिथे सावरून घेतलं. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप गटावर फ्रेंच व्याकरणाची जी चिरफाड झाली, ती करणाऱ्यांपैकी एकालाही क्रियापद चालवता आलं नसतं. विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह यांचं आडनाव तर आम्ही सात जण आठ प्रकारे उच्चारतो. त्यातला 'पोलिव्हर' लोकप्रिय आहे, औषधासारखा वाटतो म्हणून असेल.

आपल्याकडच्या माणसाबद्दल मात्र मत जपून द्यावं. चंद्र आर्य हे तेव्हा ओटावातल्या निपियन मतदारसंघाचे खासदार, जन्माने कर्नाटकचे. 2022 मध्ये कॅनडाच्या संसदेत कानडीतून बोलले होते, तेव्हा आमच्यातल्या बेळगाववाल्यालाही भरून आलं होतं आणि पुढच्याच क्षणी आपल्याला भरून आलं याचा रागही आला होता. तेही नेतेपदासाठी उभे राहायला निघाले. फ्रेंच येतं का, या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणून मोकळे झाले. पक्षाने त्यांना जानेवारीतच स्पर्धेबाहेर ठेवलं, मार्चमध्ये निपियनची उमेदवारीही काढून घेतली, आणि एप्रिलच्या निवडणुकीत त्याच निपियनमधून कार्नी निवडून आले. हे ऐकल्यावर काकांना कॅनडाच्या राजकारणाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. "शिकतायत," म्हणाले.

आता या सगळ्यात मत का देऊ नये, ते नीट समजून घ्या. कुणी विचारलंच तर शास्त्रीय कारण हाताशी हवं.

लिबरल पक्षात काय आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात काय, सदस्यांची मतं सरसकट मोजत नाहीत. लिबरल पक्षाचा हिशोब असा, की प्रत्येक मतदारसंघाला 100 गुण, आणि उमेदवाराला तिथे जितके टक्के मतं तितके गुण. 2025 मध्ये मतदारसंघ 343, म्हणून एकूण गुण 34,300. मंडळाच्या भाषेत सांगायचं तर टोरंटोच्या मंडळात हजार सभासद असोत आणि उत्तरेकडच्या एखाद्या गावात चार डोकी असोत, दोन्हीकडच्या पंगतीला जिलब्या शंभरच. तिथे एकेकाच्या पानात पंचवीस पडतात, इथे तुकडा. मग टोरंटोच्या माणसाने कशाला उठावं? हे कारण मी बारा ठिकाणी दिलं आहे, कुणीही मोडून काढलेलं नाही. चार डोक्यांच्या गावातला माणूस मला कधी भेटत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरं कारण भीतीचं. मत दिलं तर त्याचा परिणाम होण्याचा धोका असतो. 2006 मध्ये माँट्रियालच्या अधिवेशनात लिबरल पक्षाचे प्रतिनिधी नेता निवडत होते. पहिल्या फेरीत मायकल इग्नाटिएफ पुढे, बॉब रे दुसरे. तिसऱ्या जागी स्टेफान दियाँ यांना 856 मतं, चौथ्या जागी जेरार्ड केनेडी यांना 854. फरक दोनचा. दुसऱ्या फेरीनंतर केनेडी बाजूला झाले, आपले लोक घेऊन दियाँकडे गेले, आणि चौथ्या फेरीत दियाँ नेते! कुणीतरी दोघं त्या पहिल्या फेरीच्या वेळी कॉफीच्या रांगेत अडकले असते तर हेच सगळं उलट्या दिशेनेही गेलं असतं. मला अशी जबाबदारी झेपत नाही. तुम्हालाही झेपणार नाही.

आणि दुधाची गोष्ट तर तोंडपाठच करा. 2017, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष. मतपत्रिकेवर एवढी नावं की फेऱ्या झाल्या तेरा. मॅक्सिम बर्निए बारा फेऱ्या पुढे. त्यांचं म्हणणं असं की दूध, अंडी, कोंबडी यांच्या उत्पादनाला कोटा आणि आयातीला जबर कर, ही कॅनडाची जुनी व्यवस्था मोडीत काढावी. क्वेबेकच्या गोठ्यांमध्ये ते ऐकू गेलं. आता आपण काय केलं असतं? चहाच्या कपासोबत निषेध. त्या शेतकऱ्यांनी 15 डॉलर भरून पक्षाचं सदस्यत्व घेतलं आणि बर्निएंच्या विरोधात मत दिलं. तेराव्या फेरीत अँड्र्यू शीअर 50.95 टक्के, बर्निए 49.05. बर्निएंच्या स्वतःच्या बोस मतदारसंघातही शीअर निसटते पुढे. काही दिवसांनी पत्रकारांच्या वार्षिक जेवणात शीअर व्यासपीठावर उभे राहून खोक्यातून दूध प्यायले. हे आपल्याला शोभतं का? आपला गोकुळ-वारणाचा अनुभव असा की आधी डेअरी ताब्यात येते, मग आमदारकी. इथे उलटंच, नुसत्या पंधरा डॉलरमध्ये. असल्या उथळ प्रकारात पडू नये.

आकड्यांबद्दल मात्र ठाम राहा. 1983 मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या विनिपेगच्या अधिवेशनात जो क्लार्क यांना नेतेपदी ठेवायच्या बाजूने 66.9 टक्के मतं पडली. एवढी मतं म्हणजे आपल्याकडे गुलाल, जेसीबीतून फुलं, चौकात बॅनर. क्लार्कना वाटलं कमी पडली. स्वतःच नेतेपदाची निवडणूक लावली आणि ब्रायन मल्रोनींकडून हरले. ही हकीकत सांगून झाली की दोन सेकंद थांबायचं आणि म्हणायचं, "म्हणूनच मी म्हणतो." काय म्हणता ते सांगायची गरज पडत नाही. मी आजवर सांगितलेलं नाही.

आता माझ्याच घरात काय झालं, तेही सांगून टाकतो, सावध राहावं म्हणून.

लिबरल पक्षात नाव नोंदवण्याची मुदत 27 जानेवारी होती. त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कार्नी आणि फ्रीलँड यांचा तौलनिक अभ्यास मांडत होतो. बायको भेंडी चिरत होती. मुलगी दहावीत, पंधरा वर्षांची. तिचं मराठी रविवारच्या शाळेतलं. भेंडीला 'तो' म्हणते, आणि 'आपण' आणि 'आम्ही' यातला फरक तर पाच वर्षं समजावूनही तिच्या डोक्यात शिरलेला नव्हता. पाहुण्यांना दारात सांगते, "आपण जेवलो, तुम्ही बसा." मी बोलत असताना ती फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, चौदाच्या वर कुणीही करू शकतं. फ्री आहे. तुझं करू?"

मी म्हणालो, बघू. 'बघू' हा शब्द अशा वेळी कामी येतो, लक्षात ठेवा. मी गूल्ड यांच्या वयाच्या मुद्द्यावर आलो होतो, तो अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं. तोवर बायकोने हात पुसले आणि दोघींनी फोन समोरासमोर धरून काहीतरी उरकलं. पुढे फेब्रुवारीत ओळख पटवण्याचं ॲप आलं, तेव्हा दोघी एकमेकींचे पासपोर्ट दिव्याखाली धरून, चष्मा काढ, मान सरळ कर, असं करत बसल्या होत्या. मला हसू आलं. मी तेव्हा गटावर पॉलिएव्ह विरुद्ध कार्नी असा लेख लिहीत होतो. तीन भागांत.

मतपत्रिकेवर पसंतीक्रम लावायचा असतो, एक ते चार. कुणाला कितवा दिला, दोघींनीही मला सांगितलं नाही. मी दहा वेळा विचारलं. बायको म्हणाली, "तुझं मत सांग ना तू. तुझं ऐकायला आवडतं."

9 मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली होती आणि त्या झोपेच्या गुंगीतच निकाल लागला. सुमारे चार लाख नोंदवलेल्यांपैकी मतं पडली 1,51,899. चार कोटींच्या देशाचा पंतप्रधान दीड लाख लोकांनी ठरवला. कार्नी 85.9 टक्के, 343 पैकी प्रत्येक मतदारसंघात पहिले, फ्रीलँड यांच्या स्वतःच्यासुद्धा. काकांचा लगेच फोन. "मी तुला जानेवारीतच सांगितलं होतं की नाही?" डिसेंबरात त्यांनी 'हिला जमेल' म्हटलं होतं, पण अशा क्षणी कुणी तारखा काढत नाही.

फोन ठेवला. उर भरून आला होता. सोफ्यावर दोघी एका शालीत पाय घालून बसल्या होत्या. मी म्हणालो, "चला, शेवटी आपणच निवडला की पंतप्रधान!"

मुलीने टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"आपण नाही बाबा," ती म्हणाली. "आम्ही."