जिन्यासाठी कापलेली भिंत

फ्लॉरेन्सला जाणार असाल तर एक सकाळ मेदिची-रिकार्दी वाड्यासाठी राखून ठेवा. मी वाडा म्हणते, कारण रस्त्यावरून तो तसाच दिसतो. खालच्या मजल्याचे दगड ओबडधोबड, किल्ल्याच्या तटासारखे. वर जावं तसे ते गुळगुळीत होत जातात. मेदिची या सावकार घराण्याची पेढी जोरात होती तेव्हा, १४४४ मध्ये, घराण्याचा प्रमुख कोझिमो याने वास्तुकार मिकेलोत्सोकडून हा बांधून घ्यायला सुरुवात केली.

खरा जीव वरच्या देवघरात आहे. खोली लहान, त्यामुळे मोजकीच माणसं आत सोडतात. आत पाऊल टाकलं आणि आई म्हणाली, "अगं, ही तर वारी निघालीय!" तीन भिंतींवरून तीन ज्ञानी राजे नुकत्याच जन्मलेल्या येशूच्या दर्शनाला बेथलेहेमला निघालेत. मागे घोडे, खेचरं, शिकारी कुत्रे आणि लवाजमा. एका स्वाराच्या मागे तर घोड्याच्या पाठीवर चित्ता बसलाय! चित्रकार बेनोत्सो गोत्सोलीने हे १४५९ च्या सुमारास रंगवलं. गर्दीत मेदिची मंडळी आहेत आणि बेनोत्सो स्वतःही आहे, टोपीवर सोन्याच्या अक्षरांत नाव लिहून. त्याची पत्रं टिकली आहेत. कोझिमोच्या मुलाला, पिएरोला, काही देवदूत खटकले, तेव्हा बेनोत्सोने कळवलं की दोन छोटे ढग काढले की ते झाकले जातील. यजमानाची मर्जी सांभाळत एवढं सुंदर काम करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार माया वाटली.

श्रीमंतांनी स्वतःचे चेहरे देवाच्या मिरवणुकीत घुसवले, अशी टीका वाचली होती. मला ती पटत नाही. ज्या रांगेत चालावंसं वाटतं, तिथेच माणूस स्वतःला रंगवून घेतो. येशू जन्मला तो गोठा भिंतींवर नाहीच. सगळे निघालेत ते वेदीवरच्या चित्राकडे, बाळ येशूकडे. (फिलिप्पो लिप्पीचं मूळ चित्र आता बर्लिनमध्ये आहे, इथे जुनी नक्कल आहे.)

सगळे तरुण राजासमोर फोटो काढत होते, पण माझे पाय म्हाताऱ्या राजाच्या भिंतीपाशी थांबले. तिथे भिंत मध्येच पुढे येते आणि त्याच्याखालचं जनावर दोन तुकड्यांत मोडतं. १६५९ मध्ये रिकार्दी घराण्याने वाडा विकत घेतला. पुढे त्यांना मोठा जिना हवा होता, म्हणून कोपरा तोडला आणि चित्राचा कापलेला भाग नव्या भिंतीवर बसवला. असं चित्र ओल्या गिलाव्यावर काढतात. रंग भिंतीतच मुरतो, त्यामुळे भिंत कापली की चित्रही कापलं जातं. आणि हे रिकार्दी काही अडाणी नव्हते. याच वाड्यात त्यांनी चित्रकार लुका जोर्दानोकडून दालनाचं अख्खं छत रंगवून घेतलं! शत्रूने नासधूस केली तर राग तरी धरता येतो. इथे कला कळणाऱ्या घरमालकाने सोयीसाठी करवत चालवली, याचंच मला जास्त दुःख झालं.

माझ्या आजोळी माजघराच्या भिंतीवर गणपती रंगवलेला होता. विजेची फिटिंग करताना त्याच्या सोंडेवरून पट्टी गेली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, घरात उजेड हवा होता.

वाटाड्याने त्या कोपऱ्याचं नावही काढलं नाही. माझ्या मते तो सगळ्यात आधी दाखवायला हवा. वेळ संपल्याची खूण झाली तरी आई तिथेच उभी होती, सांध्याच्या एका बाजूचा लगाम दुसऱ्या बाजूला कुठे जुळतो ते बोटाने हवेतच शोधत.