चुंबकाने स्मृतिभ्रंश ‘पाच मिनिटांत’ कळत नाही
जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: डोक्यावर चुंबकाची कॉइल (तारेचं वेटोळं) धरली की पाच मिनिटांत स्मृतिभ्रंश कळतो. हे निम्मंच खरं आहे. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये संशोधक अँथनी बार्कर यांनी दाखवलेल्या या तंत्रात चुंबकीय झटक्याने मेंदू चेतवतात आणि हाताचा स्नायू किती फडफडतो ते मोजतात. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात हा प्रतिसाद बदललेला आढळतो. पण एकट्या त्यावरून कुणाचं निदान करत नाहीत. ते अजून संशोधनातच आहे. आई कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात दोनदा मीठ घालू लागली, की जीव घाबरतो, कळतं. तरी कॉइलमागे धावू नका. आधी डॉक्टरांकडे स्मरणचाचणी करा, जीवनसत्त्व बी-१२ आणि थायरॉइड तपासा. बी-१२ च्या कमतरतेतून किंवा थायरॉइडच्या बिघाडातून आलेला विसर औषधाने सुधारू शकतो.